दोन डोस, चौदा दिवस

आमच्या ऑफिसात नवीन माणूस जॉइन झाला की त्याची फाईल माझ्याकडे येते. पॅन, आधार, बँकेचा कॅन्सल चेक, मार्कशीटच्या झेरॉक्स, दोन फोटो, आणि फॉर्मच्या शेवटच्या पानावर एक रकाना, 'लसीकरण पूर्ण: होय / नाही, प्रमाणपत्र जोडावे.' मागच्या महिन्यात एक पोरगा आला, बावीस-तेवीसचा असेल, फॉर्म भरता भरता थांबला आणि म्हणाला, "मॅडम, हे कुठल्या लसीचं?" मला हसू आलं. त्याला म्हटलं, कोरोनाच्या रे, राहू दे कोरं. नंतर साहेबांना विचारलं की आता हा रकाना उडवू का, तर मान वर न करता म्हणाले, "असू द्या हो, कधी लागला तर." आता हे 'कधी लागला तर' माझ्या डोक्यातून जाईना. काढायला एक मिनिट लागणार नाही आणि ठेवायला कुणाचं काही जात नाही, म्हणून जी गोष्ट राहते ती किती वर्षं राहत असेल? आणि त्यातून मला एकदम डोंबिवली स्टेशन आठवलं, ऑगस्ट २०२१ मधलं.

तेव्हाचा नियम मुंबईच्या आसपास राहणाऱ्यांना सांगायची गरज नाही, झोपेतून उठवलं तरी म्हणतील. दोन डोस, चौदा दिवस. पंधरा ऑगस्टपासून लोकल उघडणार होती पण फक्त आमच्यासारख्यांना, ज्यांचे दोन्ही झालेत आणि दुसऱ्याला चौदा दिवस उलटलेत. त्याआधी चार-पाच दिवस स्टेशनाबाहेर महापालिकेची टेबलं लागली. वर निळी ताडपत्री, तिच्या पोटात पाणी साठलेलं, मधूनच कुणीतरी काठीने खालून ढोसायचं आणि ते भसकन रस्त्यावर. ओल्या छत्र्या, ओले मास्क, मास्कच्या आत स्वतःच्याच श्वासाचा तो कोंदट वास. बाजूच्या झेरॉक्सवाल्याने दिवाळी साजरी केली असेल तेवढ्या दिवसांत. प्रमाणपत्राची झेरॉक्स, ओळखपत्राची झेरॉक्स, टेबलावरचा माणूस क्यूआर कोड बघणार, दोन्हीवर शिक्का मारणार, मग तो कागद घेऊन तिकीट खिडकीवर जायचं आणि मंथली पास काढायचा. साधं तिकीट नाहीच, ते दिवाळीच्या तोंडावर सुरू झालं. म्हणजे एकदाच कुठे जायचं असेल तरी पास काढा.

माझ्या पुढे एक बाई होत्या. पन्नाशीच्या, हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेला कागद. घाटकोपरला तीन घरी पोळ्या-भाजी करायच्या, हे मला रांगेतच कळलं कारण मागच्या-पुढच्या सगळ्यांना त्यांनी सांगून झालं होतं. टेबलावरच्या मुलाने कागद बघितला आणि म्हणाला, "मावशी, एकच डोस आहे." त्यांना माहीत होतं एकच आहे. जूनच्या शेवटी पहिला मिळाला होता. चौऱ्याऐंशी दिवसांचं अंतर, मग वर चौदा, म्हणजे सरळ दसरा. त्या म्हणाल्या, "अरे पण मला होऊन गेलाय ना. मागच्या वर्षी. अ‍ॅडमिट होते." तो म्हणाला, ते चालत नाही. मग त्यांनी विचारलं, "आणि बस चालते? दीड तास उभं राहून जाते मी, माणसावर माणूस. त्यात नसतो काय कोरोना?" त्या मुलाने खरंच विचार केला असावा, कारण तो काही सेकंद गप्प बसला. मग म्हणाला, "मला टेबल दिलंय मावशी, मी काय करू." आणि माझ्याकडे हात पुढे केला.

माझ्या कागदावर शिक्का बसला.

पंधरा ऑगस्टनंतरची ती पहिली लोकल मी कधी विसरणार नाही, आणि हे लिहिताना थोडं अवघडल्यासारखं होतंय, पण मजा आली. सकाळची फास्ट आणि चौथी सीट मिळाली, तीही ठाण्याच्या आधी! दारातून पारसिकच्या बोगद्याआधीची हिरवळ दिसली, जी एरवी कुणाच्या तरी काखेखालून दिसते. गजरे विकणारी नव्हती, क्लिपावाली नव्हती, त्यांचे कुठे दोन डोस झालेले. डब्यात ओळखीच्या दोघी भेटल्या, आम्ही गळ्यात पडलो नाही एवढंच. एक जण म्हणाली, "असंच राहायला पाहिजे गं कायम, शिकलेल्या लोकांचीच गाडी वाटते." मी काही बोलले नाही. मला ते वाक्य लागलं असं म्हणणं खोटं होईल, मलाही सीट आवडलीच होती. ते नंतर लागत गेलं.

आता मी लसीच्या विरोधातली मुळीच नाही, हे आधीच सांगते कारण या विषयावर तोंड उघडलं की लोक लगेच विचारतात तू कुठल्या बाजूची. एप्रिल २०२१ मध्ये आमच्या बिल्डिंगमधल्या दोन घरांतली माणसं गेली, ऑक्सिजनसाठी रात्री फोन फिरवलेत मी. माझा नंबर लागला तेव्हा नाचत गेले होते. व्हॉट्सअ‍ॅपवर चिप आणि नपुंसकत्वाचे मेसेज टाकणाऱ्या एका मामांशी तर मी भांडून ग्रुप सोडलाय. जानेवारी २०२२ मध्ये लस न घेतलेल्या त्या टेनिसवाल्या जोकोविचला ऑस्ट्रेलियाने परत पाठवलं तेव्हा हेच मामा एकदम व्यक्तिस्वातंत्र्याचे कैवारी झाले. मला त्यांना विचारायचं होतं की मामा, जोकोविचचा तुम्हाला एवढा पुळका, पण तुमच्याकडे धुणीभांडीवाली दोन महिने आली नाही तेव्हा तिचे पैसे कापलेत ना तुम्ही? ग्रुप सोडला होता म्हणून विचारता आलं नाही.

गोष्ट अशी की त्या बाईंचं 'होऊन गेलाय' हे उत्तर हसण्यावारी न्यायचं नव्हतंच. युरोपात त्याच उन्हाळ्यात जे सर्टिफिकेट निघालं त्यात लस, निगेटिव्ह टेस्ट, किंवा आजार होऊन बरं झाल्याचा पुरावा, तिन्ही चालायचं. आपल्या स्टेशनावर फक्त पहिलं. आणि मुंबईत कोणाला होऊन गेला होता? जुलै २०२० मध्ये पहिला सेरो सर्व्हे झाला तीन वॉर्डांत, झोपडपट्टीतल्या ५७ टक्के लोकांच्या रक्तात अँटिबॉडी सापडल्या आणि सोसायट्यांमधल्या १६ टक्के. वर्षभराने, म्हणजे बरोब्बर लोकलच्या टेबलांच्या सुमारास झालेल्या पाचव्या सर्व्हेत मुंबईतला आकडा ८६ टक्क्यांच्या वर गेला होता. हे मान्य की अँटिबॉडी असली म्हणजे चिलखत चढलं असं नाही, ती ओसरते, पुन्हा होतो, आणि आजार होऊन गेला तरी लस घ्यावी हेच डॉक्टर सांगत होते आणि बरोबर सांगत होते. पण त्या टेबलावर शरीराची ताकद कोणी तपासत नव्हतं. कागद तपासत होते. आणि कागद कोणाला आधी मिळाला हे आपण सगळ्यांनी बघितलंय.

मे महिना आठवा. अठरा वर्षांवरच्यांना एक तारखेपासून लस, आणि लस कुठंय? कोविन उघडून बसायचं, ओटीपी येईपर्यंत स्लॉट हिरव्याचा लाल. आमच्या ऑफिसातल्या पोरांनी टेलिग्रामवर अलर्ट लावले होते, एकाने डोंबिवलीहून पार शहापूरच्या पुढे गाडी काढून एका आरोग्य केंद्रात डोस घेतला, आणि तिथले गाववाले गेटपाशी उभे राहून बघत होते की ही कोण माणसं आमच्या इथे येतायत. नंतर खाजगी हॉस्पिटलात ७८० रुपयांना कोविशिल्ड मिळायला लागली, सोसायट्यांनी क्लबहाऊसमध्ये कॅम्प घेतले. कांदिवलीच्या त्या सोसायटीत तर कॅम्पच बोगस निघाला, लोकांना पैसे घेऊन काय टोचलं देव जाणे, आणि सर्टिफिकेटं आली वेगवेगळ्या हॉस्पिटलांच्या नावाची. कागद खरा, बाटली खोटी. त्यातल्या एखाद्याने तो कागद स्टेशनावर दाखवला असता तर शिक्का बसला असता आणि आजारातून उठलेल्या आमच्या मावशी टेबलावरून परतच गेल्या असत्या.

आणि हेच आपल्या वाट्याला आलं तेव्हा? माझी मावसबहीण सप्टेंबरमध्ये शिकायला इंग्लंडला गेली, दोन कोविशिल्ड घेऊन. तिकडे म्हणे भारतात टोचलेल्यांनी दहा दिवस क्वारंटाइन. लस ऑक्सफर्डची, बनवली आपल्या पुण्यात, मांजरीच्या रस्त्याला, पण सुई भारतात टोचली म्हणून आम्ही लस न घेतलेल्यांत जमा. काय तो संताप! बातम्या, लेख, संसदेतले खासदार, वर्णद्वेष, वसाहतवाद, सगळं बाहेर आलं. सरकारनेही ४ ऑक्टोबरपासून ब्रिटिशांना तसंच दहा दिवस बसवायचं ठरवलं, आणि आठवडाभरात तिकडचा नियम बदलला. मीही संतापले होते, स्टेटस ठेवलं होतं. घाटकोपरच्या तीन घरांसाठी कोण स्टेटस ठेवणार.

अण्णांचं मात्र वेगळंच. माझे वडील जालन्याकडे झेडपीच्या शाळेत मास्तर होते, आता माझ्याकडे असतात. मार्चमध्ये साठीच्या वरच्यांचं सुरू झालं तेव्हा इस्त्रीचा शर्ट घालून, डायरीत तारीख-वेळ लिहून लस घेऊन आले, अर्धा तास बसवतात तर पाऊण तास बसले. त्यांच्या दंडावर देवीचा मोठा गोल व्रण आहे, तो ते त्या नर्सला दाखवून आले, "हे बघा सिस्टर, आम्ही जुने गिऱ्हाईक." देवीच्या काळातलं त्यांना सगळं आठवतं. टोचणारा गावात आला की बायका पोरांना कणगीमागे लपवायच्या. आणि शाळेच्या भिंतीवर निळीने लिहिलेलं, 'देवीचा रोगी कळवा, हजार रुपये मिळवा.' पंच्याहत्तरचं हजार म्हणजे मास्तरांना दोन-तीन पगार. अण्णा म्हणतात गावातली पोरं महिनाभर प्रत्येकाच्या तोंडावरच्या पुटकुळ्या मोजत हिंडत होती.

तर हेच अण्णा नोव्हेंबरमध्ये पेपर वाचता वाचता एकदम तांबडे झाले. औरंगाबाद जिल्ह्यात आदेश निघाला होता, तेव्हा औरंगाबादच नाव होतं, की निदान एक डोस घेतल्याशिवाय रेशन नाही, पेट्रोल नाही, गॅस नाही. ठाण्यात महापालिकेने कर्मचाऱ्यांना सांगितलं, लस नाही तर पगार नाही. मला वाटलं लसवाले अण्णा खूश होतील. त्यांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला आणि म्हणाले, "पुन्हा रेशन? अगं, आम्हाला 'केस' आणायला लावायचे."

केस म्हणजे नसबंदीची केस. १९७६. प्रत्येक मास्तराला कोटा, इतक्या केसेस द्या नाहीतर पगार अडकणार, बदली होणार. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर तेव्हा सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूरसुद्धा केलं होतं, राष्ट्रपतींची संमती आली नाही म्हणून कायदा झाला नाही. अण्णा हे फार बोलत नाहीत. एवढंच सांगतात की त्यांनी एका पालकाला तयार केलं होतं, त्याला आधीच तीन पोरं होती, तसं काही वाईट झालं नाही त्याचं, तूप आणि पैसे मिळाले, पण त्यानंतर तो माणूस रस्त्यात दिसला की नमस्कार करायचा थांबला. "माझं सांगणं बरोबर होतं," अण्णा म्हणाले, "पण माझा पगार त्यात अडकलेला होता ना, हे त्याला माहीत होतं."

मी त्यावर लगेच वाद घातला. म्हटलं, अण्णा, नसबंदी आणि लस एक नाही. माझी नसबंदी नाही झाली तर शेजाऱ्याला आजार होत नाही. लस नाही घेतली तर होऊ शकतो. तेव्हा मला हे एकदम बिनतोड वाटलं होतं. मग जानेवारी आला, ओमायक्रॉन आला, आणि आमच्या दोन-दोन डोसवाल्या डब्यातल्या निम्म्या बाया एकाच आठवड्यात तापाने घरी. कोणी दगावलं नाही, लसीने तिचं काम चोख केलं. पण शेजाऱ्याला होऊ नये म्हणून गाडीत फक्त लसवाले, हे जे मुळातलं कारण होतं ते आमच्या सगळ्यांच्या शिंकांनी उडवून लावलं. नियम तसाच राहिला. उलट नोव्हेंबरच्या शेवटी तो आणखी वाढला होता, दुकान, मॉल, बस, टॅक्सी, सगळीकडे दोन डोस, नाहीतर पाचशे रुपये दंड. म्हणजे मावशींच्या प्रश्नाला सरकारने उत्तर दिलं शेवटी, कागदावर. प्रत्यक्षात एकाही कंडक्टरने मला सर्टिफिकेट विचारलं नाही. त्याला तिकीट फाडायला जागा मिळत नव्हती, क्यूआर कोड कुठे बघत बसणार.

पुढचं कोर्टात गेलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबई हायकोर्टात निघालं की ते लोकलचे आदेश तेव्हाच्या मुख्य सचिवांनी काढले खरे, पण राज्य कार्यकारी समितीने मिळून ठरवायची जी पद्धत आहे ती पाळलेलीच नाही. सरकार म्हणालं बरं, मागे घेतो, आणि १ मार्चला नवीन नियमावली काढली, त्यात पुन्हा तेच! शेवटी गुढीपाडव्याला सगळेच निर्बंध उठले. आणि पाडव्यानंतर महिन्याने, २ मे रोजी सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, न्यायमूर्ती नागेश्वर राव आणि आपल्या अमरावतीचे भूषण गवई. कोणालाही लस घ्यायची जबरदस्ती करता येणार नाही, आपलं शरीर हा कलम २१ मधला हक्क. पण सरकार लोकांच्या आरोग्यासाठी निर्बंध घालू शकतं, फक्त ते कायद्यात बसणारे, गरजेचे आणि प्रमाणात हवेत. आणि लस न घेतलेला माणूस लस घेतलेल्यापेक्षा जास्त पसरवतो असं दाखवणारी माहिती सरकारांनी कोर्टापुढे ठेवलीच नाही, म्हणून संसर्ग कमी आहे तोवर अशा अटी प्रमाणात बसत नाहीत. मी तो निकाल बातम्यांतून तुकड्या-तुकड्याने वाचला, लोकलमध्येच, उभी राहून, कारण तोवर सीट गेली होती. लस बरोबर, सक्ती नको, अटी घाला पण कारण दाखवा. माझ्या मनात जे होतं ते साधारण असंच होतं, मला सांगता येत नव्हतं एवढंच. तरी कुठेतरी कमी वाटत राहिलं. निकाल लागला तेव्हा गाड्या सगळ्यांसाठी उघडून महिना झाला होता. ज्यांचं जायचं ते गेलं होतं.

१८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात गोरे सोल्जर घरात घुसले ते आपण शाळेत शिकतो, रँड, चापेकर, सगळं पाठ. पण त्याच प्लेगमध्ये मुंबईत प्लेगची लस बनवणाऱ्या हाफकिनने स्वतःला आधी टोचून घेतलं, खोजा समाजाचे धर्मगुरू आगाखान, त्यांनी लोकांसमोर दंड पुढे केला, त्यांच्यामागून हजारो खोजे आले, हे आपण परीक्षेपुरतंही शिकत नाही. आणि तेव्हाही टोचलेल्यांना काही ठिकाणी दाखला मिळायचा, तो दाखवला की सेग्रिगेशन कॅम्पातून सूट. म्हणजे आमचा शिक्का काही नवीन नव्हता. मला विचाराल तर पोलिओवाल्या बायांची पद्धत सगळ्यात भारी. दर खेपेला जिने चढून यायच्या, थंडपेटी खांद्यावर, पोराच्या करंगळीला शाई लावायची आणि दाराच्या चौकटीवर खडूने खूण. सगळ्या पोरांना थेंब मिळाले तर पी, राहिलं असेल किंवा आईबापाने नाही म्हटलं तर एक्स. एक्स म्हणजे दंड नाही, रेशन बंद नाही. एक्स म्हणजे या घरी परत यायचं. परत यायच्या, तिसऱ्यांदाही यायच्या, कधी मौलवींना घेऊन, कधी शाळेच्या बाईंना. २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला तो असा, पायऱ्या चढून. अर्थात तिथे वेळ होता, वर्षानुवर्षं होती हातात. २०२१ मध्ये कोणाकडे वेळ होता, हेही खरंच. मी महापालिकेच्या त्या मुलाच्या जागी असते तर मीही कागदच बघितला असता.

परवा जेवताना हे सगळं पुन्हा निघालं, त्या फॉर्मच्या रकान्यावरून. अण्णा म्हणाले, रकाना ठेवा की, विचारण्यात काय चूक आहे, पुन्हा साथ आली तर पुन्हा टोचून घ्यावंच लागेल. मी म्हटलं, मग रेशनवर का चिडला होतात? ते म्हणाले, "गाडीत बसणं वेगळं आणि ताटातलं काढून घेणं वेगळं. गाडी थांबली तर माणूस मरत नाही." मी त्यांना मावशींचं सांगितलं, तीन घरं, घाटकोपर, बस आणि शेअर रिक्षा मिळून दिवसाला शंभराच्या वर, एका घराने मध्येच दुसरी बाई ठेवली असणार. तिचं ताट गाडीतच होतं, अण्णा. ते बराच वेळ भाकरीचा तुकडा घोळवत बसले, मला वाटलं चिडले. मग म्हणाले, "मग दसऱ्यापर्यंत तिचा पगार त्या घरांनी चालू ठेवायचा होता. तसं लिहायचं आदेशात."

मी म्हटलं, अण्णा, त्या आदेशांत सगळं होतं, टेबल किती वाजता उघडणार, शिक्का कुठे मारायचा, दंड किती. हे मात्र कुठे वाचल्याचं मला आठवत नाही. "नसणारच," म्हणाले, आणि ताक मागितलं.